मी गोष्ट वाचले

माझी एक कलीग आहे, घरी तमिळ बोलणारी, गेली दोनेक वर्षं मराठी शिकतेय. त्याच सुमारास मी जर्मन शिकायला घेतली, आधी कामापुरती हवी होती म्हणून आणि मग नाद लागला म्हणून. आमचा करार असा की रोज थोडा वेळ तिने माझ्याशी फक्त मराठीत बोलायचं आणि चुकलं की मी दुरुस्त करायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? प्रत्यक्षात काय होतं बघा.

ती म्हणाली, "मी ती गोष्ट वाचले."

मी म्हणालो, "अरे वा, वाचलीस गोष्ट?"

ती म्हणाली, "हो, पूर्ण वाचले!"

म्हणजे माझी दुरुस्ती तिच्यापर्यंत पोचलीच नाही, तिला वाटलं मी कौतुक करतोय (ते करतच होतो म्हणा). हे असं आठवडेच्या आठवडे चाललं, मी आपला "वाचलीस" म्हणतोय, ती आपली खुशाल "वाचले" म्हणतेय, आणि मला वाटायला लागलं की बहुतेक मीच वाईट मास्तर आहे. मग कधीतरी वाचनात आलं की लिस्टर आणि रांटा नावाच्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच इमर्शनच्या वर्गांमधे (म्हणजे जिथे घरी फ्रेंच न बोलणाऱ्या मुलांना फ्रेंचमधूनच शिकवतात) नेमकं हेच मोजलं होतं, शिक्षक चूक कशी दुरुस्त करतात आणि मुलं त्यावर काय करतात. निम्म्याहून जास्त वेळा शिक्षक माझ्यासारखंच करत होते, मुलाचं वाक्य बरोबर करून सहज परत म्हणायचं आणि पुढे जायचं, आणि मुलाने स्वतःचं वाक्य सुधारून घेण्याचं प्रमाण याच पद्धतीत सगळ्यात कमी. त्यापेक्षा "काय? परत सांग" किंवा "मी गोष्ट...?" असं अर्ध्यावर सोडून तिच्याकडूनच काढून घेणं जास्त लागू पडतं. करून बघितलं. "मी गोष्ट...?" म्हटल्यावर ती थांबली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "वाचले. का? काय चुकलं?"

आणि इथे माझी विकेट पडली, कारण का चुकलं ते मला सांगता येईना.

म्हणजे कर्मणी प्रयोग वगैरे शाळेत घोकलेलं आठवत होतं, परीक्षेत मार्कही मिळाले होते, पण तिला समजेल असं सांगायचं तर आधी मलाच बसून शोधावं लागलं की मी स्वतः काय करतो. मी लेख वाचला, मी गोष्ट वाचली, मी पुस्तक वाचलं. वाचणारा मीच, पण क्रियापद माझ्याकडे ढुंकून बघत नाही, ते वाचलेल्या वस्तूशी जुळवून घेतं. आणि ती तर "मी आले, मी गेले, मी बसले" पासून सुरुवात करून बरोब्बर नियम काढून बसली होती, की बाई बोलत असेल तर शेवटी "ले". तिच्याजवळ जेवढा माल होता त्यातून निघालेला नियम चोख होता! मी आयुष्यभर ही भाषा बोलतोय, एकदाही "मी गोष्ट वाचलो" म्हणालो नसेन, आणि तरी मला माझा नियम सांगता येत नाही, आणि तिला तिचा नियम सांगता येतो पण तो अर्धा आहे. भाषा येणं आणि भाषेबद्दल माहिती असणं ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकातले पैसे दुसऱ्यात आपोआप जमा होत नाहीत हे मला त्या दिवशी कळलं. जर्मन शिकताना मी नेमका याच भ्रमात होतो की तक्ते पाठ केले की बोलता येईल.

चुकांकडे बघायची एक जुनी पद्धत होती. रॉबर्ट लाडो यांचं १९५७ चं म्हणणं साधारण असं की तुमची भाषा आणि नवी भाषा शेजारी ठेवा, जिथे सारखं तिथे सोपं, जिथे वेगळं तिथे अवघड. यात तथ्य आहेच. माझ्या कलीगला "आपण" आणि "आम्ही" मधला फरक पहिल्या आठवड्यात जमला, कारण तमिळमधे "नाम" आणि "नांगळ" असे तेच दोन वेगळे शब्द आहेत, ऐकणारा धरून आणि ऐकणारा सोडून. हिंदीतून आलेले लोक इथे वर्षानुवर्षं गोंधळतात. "ळ" पण तिचा घरचाच. पण तमिळमधे ख, घ, भ असे हवा सोडून म्हणायचे आवाज अर्थ बदलायला वापरत नाहीत, त्यामुळे एकदा तिने मोठ्या प्रेमाने सांगितलं की "माझा बाऊ येणार आहे", आणि मी तो कसला बाऊ, कुठे लागलं का असं विचारून बसलो. भाऊ होता. परदेशातून येणार होता.

पण सगळ्या चुका अशा आपल्या भाषेतून आलेल्या नसतात, आणि मला यातच जास्त रस आहे. ती सुरुवातीला "मी फोन करले" म्हणायची. आता "करले" कुठून आलं? तमिळमधून नाही. भर, भरला. धर, धरला. सर, सरला. मग कर, करला! आपली कितीतरी लहान मुलं हेच म्हणतात, "मी करलं", आणि आपण हसतो. त्या मुलाला कुणीही "करलं" शिकवलेलं नसतं, घरात सगळे "केलं"च म्हणत असतात. म्हणजे ते ऐकून पाठ केलेलं नाही, आत कुठेतरी नियम तयार झाला त्याचा तो पुरावा आहे. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये एक लेख लिहिला, शिकणाऱ्याच्या चुकांचं महत्त्व या विषयावर, त्यात मुद्दा हाच होता, की जीभ घसरणं वेगळं आणि पुन्हा पुन्हा एकाच पद्धतीने चुकणं वेगळं, दुसऱ्या प्रकारात शिकणाऱ्याची एक व्यवस्था दिसते. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी त्या व्यवस्थेला इंटरलँग्वेज हे नाव दिलं. मधली भाषा म्हणा. माझी कलीग बोलते ती मोडकी मराठी नव्हे, ती तिची मधली भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे, फक्त त्या व्याकरणाची बोलणारी जगात ती एकटीच.

हे कळल्यापासून मी तिच्या चुका वहीत टिपायला लागलो (तिला विचारून, नाहीतर मार खाल्ला असता). आणि एक गंमत दिसली. पहिल्या सहा महिन्यांत ती बिनचूक म्हणायची, "मी नाव विसरले." मग आम्ही तो "गोष्ट वाचली" चा नियम शिकलो, म्हणजे तिने माझ्याकडून आणि मी पुस्तकातून, आणि तिचं "मी गोष्ट वाचली", "मी लेख वाचला" हळूहळू बरोबर यायला लागलं. आणि त्याच महिन्यात ती म्हणाली, "सॉरी, मी तुझ्या मुलाचं नाव विसरलं."

जे बरोबर येत होतं तेच बिघडलं! आणि बिघडलं कारण ती पुढे गेली होती. आधीचं "विसरले" चुकीच्या नियमाने बरोबर आलं होतं, आताचं "विसरलं" बरोबर नियमाने चुकलं होतं, कारण विसरणे, शिकणे, बोलणे अशी काही आडमुठी क्रियापदं कर्म समोर असूनही कर्त्याशीच जुळतात. मी नाव विसरलो, तो मराठी शिकला, तो खोटं बोलला. या क्षेत्रातले लोक याला यू आकाराची वाट म्हणतात, आधी बरोबर, मग चूक, मग पुन्हा बरोबर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मागे पडली. परीक्षेत मार्क कमी पडले असते.

आता माझ्याकडे येतो, तिच्या चुका सांगून मी काय स्वतःची सुटका करून घेणार नाहीये.

जर्मनमधे नियम असा की साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर हवं, काही झालं तरी. मी "काल" ने वाक्य सुरू केलं तर लगेच क्रियापद आणि मग मी. गेस्टर्न हाबे इश. काल आहे मी असं काहीसं. हा नियम मला पहिल्या दोन महिन्यांत तोंडपाठ होता, कोणी झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता, आणि तोंड उघडलं की "गेस्टर्न इश हाबे". वर्षभर. सरावाच्या वहीत शंभर टक्के बरोबर, बोलताना शंभर टक्के चूक. शिकवणाऱ्या बाई थकल्या.

मग कळलं की यात माझा एकट्याचा नंबर नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत इटली, स्पेन, पोर्तुगालहून आलेल्या कामगारांचा अभ्यास झाला होता, ज्यांनी क्लास वगैरे काही न लावता कानावर पडेल ती जर्मन उचलली होती. वाक्यातल्या शब्दांचा क्रम त्यांना टप्प्याटप्प्याने येत गेला, आणि कोण लवकर, कोण उशिरा पोचला हे वेगळं असलं तरी टप्प्यांचा क्रम तोच राहिला. आधी सरळ वाक्य, मग "काल" पुढे आणून बाकी तसंच (मी इथे मुक्कामाला होतो), मग क्रियापदाचे दोन तुकडे लांब ठेवणं, मग ती दुसऱ्या जागेची उलटापालट, आणि सगळ्यात शेवटी जोडवाक्यात क्रियापद टोकाला. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी मानफ्रेड पिनेमान यांनी पुढे इटालियन मुलांना ती उलटापालट मुद्दाम शिकवून बघितली, १९८४ मध्ये ते छापलं, आणि जी मुलं आधीच्या टप्प्यावर पोचली होती त्यांना ती उचलता आली, जी नव्हती त्यांना शिकवूनही बोलण्यात आली नाही. क्लासच्या फीचं काय करायचं मग? त्यांचं उत्तर असं की शिकवणं वाया जात नाही, पण टप्पा उडवता येत नाही.

आता यातली माझी खरी तक्रार ऐका. जोडवाक्यात क्रियापद टोकाला, हे मराठी माणसाला जड का जावं? आपलं तर सगळंच टोकाला असतं! "कारण माझ्याकडे वेळ नाही", जर्मनमधे "वाइल इश काइने त्साइट हाबे", तेच की, क्रियापद शेवटी. मला हे फुकट मिळायला हवं होतं. आणि मी काय म्हणायचो? "वाइल इश हाबे काइने त्साइट." म्हणजे इंग्रजीचा क्रम! आईच्या दुधाबरोबर मिळालेलं सोडून मी उसनं आणलेलं वापरत होतो. यावरही काम झालेलं आहे, १९९८ चा एक अभ्यास आहे विल्यम्स आणि हामारबेर्य यांचा, त्यात सारा विल्यम्स या स्वतःच शिकणाऱ्या होत्या, मातृभाषा इंग्रजी, आधी जर्मन शिकलेल्या आणि आता स्वीडिश शिकत होत्या, आणि स्वीडिश शब्द बनवताना अडल्या की त्यांचं डोकं इंग्रजीपेक्षा जर्मनकडे हात लांब करायचं. परकी भाषा बोलायची वेळ आली की मेंदू जणू बाहेरच्या भाषांचा कप्पा उघडतो, आणि माझ्या त्या कप्प्यात एकटी इंग्रजी बसलेली. मराठी आत देवघरात.

(जर्मन लोक स्वतः गप्पा मारताना "वाइल" नंतर क्रियापद दुसऱ्या जागेवर ठेवतात हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून मी ती माझी चूक नसून बोलीभाषेवरची पकड आहे असं सांगतो. बाईंना पटत नाही.)

मराठीचा फायदा मला झाला तो भलत्याच ठिकाणी. जर्मनमधे आपल्यासारखी तीन लिंगं, आणि इंग्रजी बोलणारे शिकणारे यावर जाम रडतात, मुलीला म्हणजे मेटशेनला नपुंसकलिंग कसं काय, काय अपमान आहे वगैरे. मी विचार केला, अरे, पण ते "शेन" म्हणजे लहानपणा दाखवणारं शेपूट आहे, ते लागलं की शब्द नपुंसकलिंगी. आणि आपल्याकडे कोकरू, वासरू, पाखरू, लेकरू? सगळी ती पिल्लं, सगळी "ते". लेकरू मुलगी असली तरी "ते लेकरू". मला हा नियम पाठ करावाच लागला नाही, एकदा लेकरू आठवलं आणि बसला. बाकी लिंगांच्या बाबतीत मात्र काही मदत नाही, त्यांचा सूर्य बाई आहे आणि चंद्र बाप्या, तिथे पाठांतरच.

आवाजांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी हरलेलो आहे. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये एक प्रयोग छापला, त्यात त्यांनी वापरलेले आवाज होते हिंदीतले त आणि ट. इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक ऐकू येत होता, आणि दहा ते बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांचा गेला होता. वर्ष व्हायच्या आत! आपल्याला त आणि ट मधे आकाशपाताळाचा फरक वाटतो आणि बोलता न येणाऱ्या वयातच ते दार लोटलं जातं. पूर्ण बंद होत नाही, मोठेपणी कान तयार करता येतो पण मेहनत लागते. माझं दार जर्मनच्या "शोन" आणि "श्योन" वर लोटलेलं आहे, एकाचा अर्थ आधीच आणि दुसऱ्याचा सुंदर. खरं तर मी आत्ता लिहिलं तसा तो दुसरा उच्चार नाहीच, तो देवनागरीत लिहिताच येत नाही, तोंड "ओ" चं करून आत "ए" म्हणायचा असतो. आणि माझी मोठी चूक हीच झाली की पहिल्या दिवसापासून मी वहीत सगळे उच्चार देवनागरीत लिहून घेतले. डोळ्यांनी कानाला खोटं सांगितलं आणि कानाने ते ऐकलं. नवीन शिकणाऱ्याला माझा एकच आगाऊ सल्ला असेल तर तो हा, पहिले काही आठवडे नुसतं ऐका, आपल्या लिपीत लिहू नका. पोस्टमधे मी लिहितोय ते तुमच्या सोयीसाठी, ते पाठ करू नका.

वयाचं मात्र लोक उगाच घेऊन बसतात. "आता या वयात कुठे" हे वाक्य मी तिशीतल्या माणसांकडून ऐकलंय. १९७८ मध्ये स्नो आणि हूफनाखेल-हूले यांनी नेदरलँड्समधे राहायला आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना डच शिकताना तपासलं, तर पहिल्या काही महिन्यांत मोठी माणसं आणि बारा ते पंधरा वयाची मुलंच पुढे होती, तीन ते पाच वर्षांची सगळ्यात मागे. लहान मुलं जिंकतात ती लांब पल्ल्यात. २०१८ मध्ये सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या ऑनलाइन व्याकरण-चाचणीवरून हार्टशॉर्न आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला तेव्हा त्यांच्या मते व्याकरण उचलायची क्षमता साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकते आणि मग उतरते. उतरते म्हणजे संपते नाही. आणि एक साधी गोष्ट विसरतो आपण, लहान मुलाला दिवसभर दुसरं काम नसतं आणि ते चुकलं तर लोक गालगुच्चा घेतात, मी चुकलो तर मीटिंगमधे शांतता पसरते.

त्या शांततेबद्दल सांगायलाच हवं. पहिल्या वर्षभर मी ऐकण्यावर भर दिला, पॉडकास्ट, बातम्या, मुलांच्या मालिका, जे मिळेल ते. स्टीफन क्रॅशन यांचं नाव या बाबतीत सगळीकडे येतं, त्यांचं म्हणणं की समजेल असं, पण आपल्या पातळीच्या किंचित वरचं ऐकत वाचत राहा, भाषा आपोआप आत शिरते, बोलणं नंतर येईल. मला ते मनापासून आवडलं कारण त्यात तोंड उघडायला लागत नव्हतं. वर्षानंतर बातम्या बऱ्यापैकी समजायला लागल्या, मी खूश. मग एका कॉलवर पलीकडच्याने मोकळेपणाने जर्मनमधे विचारलं की फाइल कधीपर्यंत पाठवतोस. प्रश्न पूर्ण समजला. प्रत्येक शब्द समजला. आणि उत्तर म्हणून तोंडातून निघालं, "या." कधीपर्यंत ला "हो". तो थांबला, मी थांबलो, मग मी पुन्हा म्हणालो, "या, या." शेवटी इंग्रजीत आलो.

याचं उत्तर मला कॅनडाकडेच सापडलं. क्वेबेकमधल्या सेंट लँबर्ट या गावी १९६५ मध्ये पालकांच्या आग्रहाने इंग्रजी घरातल्या मुलांसाठी सगळं शिक्षण फ्रेंचमधून द्यायचा वर्ग सुरू झाला, आणि ती कल्पना देशभर पसरली. अशा मुलांना वर्षानुवर्षं समजेल अशी फ्रेंच भरपूर मिळाली. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये लिहिलं की ऐकून समजण्यात ही मुलं फ्रेंच मुलांच्या जवळ पोचली होती, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण मागे राहिलं होतं. त्यांचं निदान असं की ऐकताना माणूस अर्थावरून वेळ मारून नेऊ शकतो. शेवटचा प्रत्यय ऐकू आला नाही तरी गोष्ट कळते. बोलताना मात्र प्रत्यय आपल्यालाच लावायचा असतो, तिथे खिसा रिकामा आहे हे तेव्हाच कळतं.

हे मी माझ्या कलीगवर पडताळून बघितलं. तिला विचारलं, मी "गोष्ट वाचलीस" म्हणतो तेव्हा तुला शेवटी काय ऐकू येतं? ती म्हणाली, "वाच... आणि मग काहीतरी." वाच आणि मग काहीतरी! दोन वर्षांचा मराठीचा भडिमार, आणि शेपूट तिने कधी ऐकलंच नव्हतं कारण त्याची गरज पडली नव्हती. तुम्हीच बघा, "काल मी फुंबरात गेलो तर सगळे टिगवून बसले होते", यात दोन शब्द मी आत्ता बनवलेत पण तुम्हाला चित्र दिसलं ना? कुठेतरी गेलो, लोक कसेतरी बसलेले. डोकं भोकं बुजवतं आणि पुढे जातं. चांगली सोय आहे, फक्त शिकण्याच्या दृष्टीने घात करणारी.

रिचर्ड श्मिट यांनी यावर स्वतःलाच प्रयोगशाळा केलं. ब्राझीलमधे पाच महिने राहून पोर्तुगीज शिकले, डायरी ठेवली, बोलणं रेकॉर्ड केलं, आणि १९८६ मध्ये सिल्व्हिया फ्रोटा यांच्याबरोबर ते छापलं. त्यांना असं दिसलं की कानावर पडलेलं सगळं तोंडात येत नाही, जे ऐकताना "अरे, हे असं म्हणतात होय" असं लक्षात आलं तेच पुढे बोलण्यात यायला लागलं. त्याआधी १९८३ मध्ये त्यांनीच हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराबद्दल लिहिलं होतं, लेखात त्याला वेस म्हटलंय. हा माणूस तीन वर्षांत इंग्रजीत मस्त गप्पा मारायला लागला, कामं करून घ्यायचा, लोकांना हवाहवासा, आणि व्याकरण जवळजवळ होतं तिथेच. मला हा वेस फार आवडतो. त्याला जे हवं होतं ते त्याने शिकून घेतलं. आपण व्याकरणवाले त्याला अपुरा म्हणतो, तो मात्र मजेत.

तर त्या कॉलनंतर मी काय बदललं, तर रोज पाच मिनिटं स्वतःचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि लगेच ऐकायचं. भयंकर प्रकार आहे. स्वतःचा आवाज आधीच आवडत नाही, त्यात "गेस्टर्न इश हाबे". पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा बोलता बोलता मीच मधे थांबलो, "गेस्टर्न इश... हाबे इश", आणि मला एवढा आनंद झाला की पुढे काय सांगायचं होतं तेच विसरलो. वर्षभर तक्त्याने जे केलं नाही ते चार आठवड्यांत झालं असं म्हणायचा मोह होतोय, पण ते खरं नसावं. तक्ता होता म्हणून कानाने चूक पकडली. आणि कदाचित माझा टप्पाच आला असेल.

पाठांतराच्या कार्डांबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. कामाची आहेत. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये अर्थहीन अक्षरं स्वतः घोकून विसरण्याचा वेग मोजला तेव्हापासून माहीत आहे की एका दमात दहा वेळा वाचण्यापेक्षा मधे दिवस सोडून वाचलेलं टिकतं, आणि रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून बघितलेलं आठवड्यानंतर जास्त उरतं. अँकीसारखी ॲप्स हेच करतात. माझी दीड हजार कार्डं झाली होती. पण कार्डावरचा शब्द आणि वाहत्या बोलण्यातला शब्द हे एकमेकांना ओळखत नाहीत, मला "त्साइट" कार्डावर पाव सेकंदात आठवायचा आणि कोणी पटकन म्हटलं की निसटायचा. आता कार्डावर एकटा शब्द ठेवतच नाही, ऐकलेलं अख्खं वाक्य ठेवतो, आवाजासकट.

आणि तीन महिन्यांत अस्खलित वगैरे जाहिराती दिसल्या तर एवढं लक्षात ठेवा, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, पूर्णवेळ, तेच काम म्हणून, आणि तिचा अंदाज स्पॅनिशसाठी वर्गातले ६०० ते ७५० तास आणि जपानी, अरबी, कोरियन, चिनीसाठी २२०० तास असा आहे, तोही इंग्रजी बोलणाऱ्यासाठी. रोज अर्धा तास धरून भागाकार करा. मी केला होता आणि मग दोन दिवस पुस्तक उघडलं नाही.

माझ्या कलीगने मात्र असला भागाकार कधी केला नाही. तिने वहीच्या मागच्या पानावर यादी सुरू केलीय, आडमुठ्या क्रियापदांची, जी कर्त्याशीच जुळतात. विसरणे, शिकणे, बोलणे, चढणे ("मी जिना चढले", हे तिने माझ्या बायकोच्या फोनवरच्या बोलण्यात पकडलं, मला कधी जाणवलं नव्हतं). परवा तिने विचारलं, "जिंकणे कुठे लिहू?"

मी म्हणालो, सोपं आहे, "मी मॅच जिंकलो."

"मग परवा तू 'आपण मॅच जिंकली' म्हणालास ते?"

"तसंही म्हणतात."

"कोणतं बरोबर?"

मी दोन्ही मोठ्याने म्हणून बघितलं. मॅच जिंकलो. मॅच जिंकली. आधी दोन्ही बरोबर वाटली, मग पाच-सहा वेळा म्हटल्यावर दोन्ही चूक वाटायला लागली. शेजारच्या टेबलावरच्या दोघांना विचारलं तर एक इकडे आणि एक तिकडे. ती शांतपणे बघत होती, मग तिने वहीत "जिंकणे" लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं, आणि म्हणाली, "तुम्ही लोकं आधी ठरवा, मग मी शिकते."